अडीच क्विंटलची फटफटी: मराठवाड्यात मिडसाइज अमेरिकन क्रूझर घ्यायची असेल तर

लातूरच्या मार्केट यार्डात आमच्या अडतीवर सोयाबीनची पोती मोजायचा मोठा काटा आहे. माझी सेकंडहॅंड हार्ले स्ट्रीट ७५० पुण्याहून आली त्या दिवशी हमालांनी हट्टच धरला आणि गाडी काट्यावर चढवली. अर्ध्या टाकीसकट २ क्विंटल ३१ किलो. "मालक, चार पोती झाली की हो!" म्हणून सगळे हसले. मीही हसलो. पुढच्या महिन्यात हसू आटलं.

तीन वर्षं झाली. इंजिनानं एकदाही दगा दिला नाही. त्रास झाला तो वजनाचा, कागदांचा, उन्हाचा आणि लांब पडणाऱ्या वर्कशॉपचा, आणि यातलं काहीच शोरूमचा माणूस किंवा गाडी विकणारा तुम्हाला सांगत नाही. म्हणून ज्या क्रमानं मी करायला हवं होतं, पण केलं नाही, त्या क्रमानं लिहितो.

१. आधी घर बघा, मग गाडी

टेप घेऊन गेट मोजा. गाडी साइड स्टॅंडवर तिरकी उभी राहते, तिला सरळ गाडीपेक्षा जास्त रुंदी लागते, आणि शेजारी तुम्हालाही उभं राहायचं असतं. या गाड्यांना मेन स्टॅंड नाही, किक नाही, रिव्हर्स गिअर तर नाहीच.

आमच्या जुन्या घराला ओटा आहे. रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून आत. स्कूटर फळी टाकून सहज चढायची. हिला फळी पुरेना, तेव्हा सिमेंटचा रॅम्प करून घेतला. गवंड्यानं तो उभा केला आणि वर घोटून गुळगुळीत केला. पहिल्या पावसात मागचं चाक जागेवरच फिरायला लागलं. रॅम्प लांब आणि खरबरीत हवा, सिमेंट ओलं असतानाच खराट्याच्या रेघा ओढून घ्या.

एक सोपी चाचणी सांगतो. ओळखीतल्या कुणाची तरी बुलेट मागून आणा. ती हिच्यापेक्षा तीस-चाळीस किलोनं हलकी असते. इंजिन बंद ठेवून, कुणाची मदत न घेता ती घरात लावा आणि उलटी ढकलत बाहेर काढा. दम लागला तर क्रूझरचा, म्हणजे हार्लेसारख्या बुटक्या सीटच्या जड गाडीचा, विचार जागा बदलेपर्यंत थांबवा. सगळ्यात मोठा फास म्हणजे उतारावर, भिंतीकडे तोंड करून लावलेली गाडी. तिथून ती मागे काढायला दोन माणसं बोलवावी लागतात. कुठंही उभी करताना तोंड बाहेर ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

२. कोणती गाडी?

मिडसाइज म्हणजे साधारण साडेसातशे ते नऊशे सीसी धरा. आपल्या भागातल्या माणसाच्या आवाक्यातली नावं मोजकी.

स्ट्रीट ७५० भारतात २०१४ साली आली, तेव्हा दिल्लीत एक्स-शोरूम ४ लाख १० हजारांना होती. हरियाणात बावलच्या कारखान्यात बनायची. दोन सिलिंडरचं व्ही-ट्विन इंजिन, लिक्विड कूल्ड म्हणजे रेडिएटरवालं, सहा गिअर, मागच्या चाकाला चेनऐवजी बेल्ट. सीट बुटकी असल्यानं साडेपाच फुटी माणसाचेही दोन्ही पाय जमिनीला टेकतात. तो कारखाना बंद करायची घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये झाली आणि पुढच्या महिन्यात हार्लेनं हिरोशी करार केला. त्यामुळे आता स्ट्रीट घ्यायची तर सेकंडहॅंडच.

हार्लेचीच आयर्न ८८३ एअर कूल्ड, म्हणजे नुसत्या वाऱ्यावर थंड होणारी, जुन्या घराण्याची. आवाज आणि थरथर हवी असेल तर तीच. पण ती स्ट्रीटपेक्षा जड आहे आणि उन्हाळ्यात लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या गर्दीत मांड्या भाजून काढते. मला विचाराल तर आपल्याकडच्या हवेला रेडिएटरवाली गाडी बरी.

२०२३ साली आलेली एक्स ४४० हिरो बनवते. नाव हार्लेचं, पण सिलिंडर एकच आणि ती क्रूझर नाही. सोपी गाडी आहे. रोज कामावर न्यायची असेल तर तीच घ्या आणि हा लेख इथंच सोडा.

३. गाडी बघायला जाताना

निघण्याआधी मालकाला फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावून बघा. गरम लागलं तर चहा प्या, दोन तास थांबा. थंड गाडी एका बटणात सुरू व्हायला हवी. मग जागेवरच दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो का, हे बघायचं आहे. पंखा फिरलाच नाही, तर भाव विचारायचीही गरज नाही.

बेल्टवर बॅटरीचा उजेड टाका आणि मागचं चाक हातानं ढकलत पूर्ण एक फेरा बघा. बेल्ट आणि चक्री यांच्यात खडा सापडला की बेल्टला भोक पडतं. भोक छोटं असलं तरी बेल्ट बदलायचा खर्च मनात धरून भाव करा.

टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचं टायर दगड झालेलं असतं. इथं एक गोम आहे. स्ट्रीटचं मागचं टायर १४०/७५, पंधरा इंची. हे माप लातूरच्या टायरच्या दुकानात मागितलं तेव्हा पोरानं मला कारचं टायर दाखवलं. मागवावंच लागतं, आणि येईपर्यंत गाडी उभी राहते.

गाडी पडलेली आहे का, हे टाकीवरून कळत नाही. टाकी रंगवून घेता येते. क्लच-ब्रेकच्या लिव्हरची टोकं, फुटरेस्टची टोकं आणि सायलेन्सरची बाहेरची बाजू बघा. सायलेन्सर बदललेला असेल तर कंपनीचा मूळ सायलेन्सर सोबत मागा, नसेल तर पैसे कापा. फटाके फोडणारा सायलेन्सर पोलिसांना दोन चौक आधीच ऐकू येतो.

जमलं तर एबीएसवालीच बघा, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा असलेली. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, त्याआधीच्या गाडीत आहे की नाही ते विचारून घ्या. पुढं रस्त्यांबद्दल वाचलंत की का ते कळेल.

४. कागद: इथंच माणूस अडकतो

लायसन्स वेगळं लागत नाही. गिअरवाल्या मोटारसायकलचं साधं लायसन्स चालतं. बाकी मात्र नीट वाचा.

गाडी महाराष्ट्रातलीच घ्या. दिल्ली-हरियाणाकडच्या गाड्या स्वस्त दिसतात. त्यांना तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो, मग इथला रोड टॅक्स, मग नवा नंबर, आणि तिकडच्या टॅक्सचा परतावा मागायला पुन्हा तिकडचेच उंबरे. वाचलेले पैसे यातच जातात. राज्यातल्या राज्यात मात्र नंबर बदलत नाही. माझ्या गाडीवर आजही एमएच १२ आहे, त्यामुळे बार्शी नाक्यावर मला पुण्याचा पाहुणा समजतात.

नावावर करण्यासाठी मला लागलेले कागद:

- मूळ आरसी
- फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांसकट
- चालू विमा आणि पीयूसी
- दोघांचं आधार, पॅन, माझा पत्त्याचा पुरावा, फोटो
- चेसिस नंबरचा पेन्सिलनं घासून घेतलेला ठसा
- गाडीवर कर्ज असेल तर बॅंकेची एनओसी आणि फॉर्म ३५

चेसिस नंबर हॅंडलच्या मानेवर, उजव्या बाजूला फ्रेमवर कोरलेला असतो. तिथं कागद धरून पेन्सिल घासायला हॅंडल डावीकडे पूर्ण वळवावं लागतं. एजंटाचा पोरगा इंजिनाखाली झोपून अर्धा तास शोधत होता.

आता माझं काय झालं ते. पहिल्या मालकानं कर्ज कधीच फेडलं होतं. बॅंकेचं पत्रही त्यानं दाखवलं. मी खूश. पण आरसीवर बॅंकेचं नाव तसंच होतं, कारण फॉर्म ३५ भरून ते उतरवायचं राहिलं होतं. एका एजंटानं "होऊन जातंय" म्हणून पैसे घेतले आणि फाइल ड्रॉवरमध्ये ठेवली. चार महिन्यांनी कळलं की फाइल भरलीच नव्हती, आणि तोवर बॅंकेचं पत्र जुनं झालं होतं. पुन्हा पुणे, पुन्हा बॅंक. त्यामुळे पैसे देण्याआधी गाडीचा नंबर परिवहनच्या ॲपवर टाकून तीन गोष्टी स्वतः बघा: बॅंकेचा बोजा, थकलेली चलानं, विम्याची तारीख. अर्ज भरला की त्याचा क्रमांक एजंटाकडून त्याच दिवशी घ्या. क्रमांक दिला नाही म्हणजे अर्ज भरलेला नाही.

कायद्यानं विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ टाकून ताबा पावती दोघांच्या सहीनं करा. त्या वेळेआधीची चलानं त्याची, नंतरची तुमची. पैसे बॅंकेतूनच द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेणं आयकर कायद्याला चालत नाही. अडतीवरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण "थोडं रोखीत द्या" म्हणणारे भेटतातच.

विमा: ३५० सीसीच्या वर थर्ड पार्टीचा दर वेगळाच आहे. २०२२ च्या दरपत्रकात तो वर्षाला २,८०४ रुपये, जीएसटी वेगळा, तर १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. "पन्नास टक्के बोनससकट देतो" असं विकणारा म्हणाला तर ऐकून सोडून द्या. आणि गाडी एप्रिल २०१९ आधी नोंदलेली असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली आहे का तेही बघा.

५. गाडी घरी आणणं

पुण्याहून टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, मुरूड, लातूर. सव्वातीनशे किलोमीटरच्या वर जातं. अनोळखी जड गाडी पहिल्याच दिवशी इतकी चालवू नका, टेंपोनं आणा. दोरखंडानं नाही, पट्ट्यानं बांधा, आणि साइड स्टॅंडवर ठेवून कधीही बांधू नका. मी चालवत आणली. बार्शीपर्यंत मजा आली, येडशीनंतर मनगटं माझी राहिली नव्हती.

६. पहिला महिना: पाडायची कशी नाही, आणि पडली तर

या गाड्या वेगात पडत नाहीत. उभ्या असताना पडतात. शेजारणीशी बोलताना, पेट्रोल पंपावर पाय खड्ड्यात पडल्यावर, वळताना पुढचा ब्रेक दाबल्यावर. हॅंडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, हळू वेगात मागचाच ब्रेक आणि अर्धा क्लच. संध्याकाळी यार्ड रिकामं असतं. तिथं मी पोत्यांच्या सुतळ्या टाकून रोज आठाचा आकडा गिरवला. पंधरवडा तरी हेच करा. मागे कुणाला बसवू नका, बायको कितीही हौसेनं साडी बदलून आली तरी.

माझी पडली ती औशाजवळच्या एका शेतात. जून, पहिला पाऊस होऊन दोन दिवस झालेले. वरून माती वाळलेली दिसत होती. स्टॅंड लावला, हेल्मेट काढलं, आणि बघता बघता स्टॅंड काळ्या मातीत लोण्यात सुरी जावी तसा उतरला. गाडी सावकाश आडवी झाली. मी हॅंडल धरून ओढायला गेलो, कमरेत कळ आली.

सोबत आमच्या अडतीवरचे एक म्हातारे हमाल मामा होते. म्हणाले, "मालक, कमरंनं नका उचलू. पाठ लावा, मांडीनं उचला." त्यांनी आयुष्यभर पोती तशीच उचलली. गाडी उचलायची रीत तीच आहे:

इंजिन बंद करा. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टॅंड बाहेर काढून ठेवा, नाहीतर उभी करताना ती पलीकडे जाईल. गिअरमध्ये असू द्या. हॅंडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला टेकून उकिडवे बसा. एक हात हॅंडलच्या खालच्या मुठीला, दुसरा मागच्या फ्रेमला. पाठ ताठ ठेवून पायानं ढकलत छोट्या पावलांनी मागे सरका. सायलेन्सरला हात लागू देऊ नका.

तेव्हापासून टॅंक बॅगेत फरशीचा एक हातभर तुकडा असतो, स्टॅंडखाली ठेवायला. मराठवाड्यात या गाडीची सगळ्यात उपयोगी ॲक्सेसरी हीच. मेमध्ये तापलेल्या डांबरावरही तो लागतो, तिथंही स्टॅंड रुततो.

७. आपले रस्ते आणि आपलं ऊन

सोलापूर-धुळे महामार्ग, म्हणजे तुळजापूर, धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर, क्रूझरसाठी झकास आहे. तुळजापूर-औसा-लातूर-अहमदपूर-नांदेडचाही रस्ता चांगला झालाय. जालन्यावरून समृद्धी जातो म्हणून हरखून जाऊ नका, तिथं दुचाकीला बंदी आहे.

भीती मोठ्या रस्त्याची नाही, त्याला मिळणाऱ्या छोट्या रस्त्यांची आहे. सोयाबीन निघालं की लोक रस्त्यावर वाळत घालतात. त्यावर ब्रेक मारणं म्हणजे छऱ्यांवर ब्रेक मारणं. दुरून पिवळसर पट्टा दिसला की आधीच वेग उतरवा आणि त्यावरून जाताना ब्रेक, क्लच कशालाच हात लावू नका. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर आणून सोडलेला असतो, त्यालाही हाच नियम. आणि कारखाने सुरू झाले की ऊसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस बाजूनं हातभर लोंबतोय. नोव्हेंबर ते मार्च मी अंधारात गाडी काढत नाही. घरी मुक्काम नसेल तर पाहुण्यांकडे थांबतो. त्यात नांदेड-हिंगोलीकडे रोही म्हणजे नीलगाई आडव्या येतात, आमच्याकडे रानडुकरं.

गावठी गतिरोधकावर गाडीचं पोट घासतं. ते तिरके चढा, आणि मागे माणूस असेल तर त्याला उतरवा.

उन्हाळ्यात पारा बेचाळिसाच्या पुढं जातो. पंखा सुरू झाला की गरम हवा थेट पायावर येते. त्यामुळे एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेपाचला निघायचं, नवाच्या आत पोचायचं. फाटकापाशी किंवा मिरवणुकीत अडकलात तर इंजिन बंद करा. जाड जीन्स आणि घोट्यापर्यंतचे बूट घाला. चपलेवर ही गाडी चालवणाऱ्यांचे पाय मी बघितलेत.

८. सांभाळ

मी गाडी वर्षातून एकदा पुण्याला नेतो, पावसाळा संपल्यावर. मधलं ऑइल आणि फिल्टर इथं बदलतो, फिल्टर पुण्याहून येताना दोन घेऊन ठेवलेले असतात. गल्लीतला मिस्त्री हुशार असतो, पण त्याला सांगावं लागतं. बेल्टला ग्रीस किंवा ऑइल लावायचं नाही. माझ्या मिस्त्रीनं प्रेमानं चेनस्प्रे मारायला घेतला होता, हात धरला. ८८३ वर इंची मापाचे नट-बोल्ट असतात, त्यावर मिलिमीटरचा पाना चालवला की डोकी गोल होतात. स्वतःचे पाने घेऊन जा.

रेडिएटरमध्ये कूलंटच, साधं पाणी नाही. आपल्या बोअरच्या पाण्यानं स्टीलच्या बादलीला पांढरे थर धरतात, रेडिएटरचं काय होईल ते समजून घ्या. धुताना पाइप लावून पाणी सोडू नका. २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथं ते शोभतही नाही. एक बादली, दोन फडकी, आणि वाळायच्या आत पुसून काढा.

आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर बॅटरीला ट्रिकल चार्जर, म्हणजे हळूहळू चार्ज करत राहणारा चार्जर, लावा. किक नाही, आणि चार पोती ढकलून स्टार्ट होत नाहीत. या गाड्या ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, येण्याआधीच्या आहेत. इथेनॉल ओलावा ओढतं, म्हणून पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून महिनाभर उभी करू नका. इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांतून निघतं, तक्रार कुणाकडे करणार?

टाकी तेरा लिटरची आहे. मला वीस-बावीसचं ॲव्हरेज मिळतं. दोनशे किलोमीटर झाले की पंप शोधायचा. थांबलात की "किती देती?" हा प्रश्न येणारच. मी पूर्वी खरं सांगायचो, मग समोरचा माणूस दहा मिनिटं हळहळायचा. आता "चाळीस" म्हणतो.

सोबत कायम असावं: ट्यूबलेस पंक्चरचं किट आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप, फ्यूज, पाने, उजेडाची बॅटरी, चिकटपट्टी, दोन लिटर पाणी, फरशीचा तुकडा. फोनमध्ये टेंपोवाल्याचा नंबर.

आणि खंडेनवमीला पूजा करा, लिंबू चाकाखाली ठेवा, सगळं करा. फक्त झेंडूचा हार हॅंडलवर सैल सोडू नका. गेल्या वर्षी घरच्यांनी हौसेनं दीड हात लांब हार घातला. चौकापर्यंत जाईतो तो पुढच्या चाकात गेला आणि उरलेला रेडिएटरच्या जाळीवर चिकटला. पंखा का थांबत नाही ते बघायला वाकलो, तर आत सगळ्या पाकळ्या. चिमट्यानं एकेक काढत बसलो होतो. हार घालायचा तर हेडलाइटला, सुतळीनं घट्ट बांधून, आणि फेरी मारून आल्यावर लगेच काढून ठेवायचा.